भट्टीभोवतीचं घर

ओइवा तुरुनेनला खरं तर पुस्तकबांधणी शिकायची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं ऐकून माणसाला वाटायचं की याला मुळातच जिवावर उदार व्हायची हौस होती. योएन्सू शहरातल्या प्रौढांच्या वर्गांत त्या वर्षी पुस्तकबांधणीच्या सगळ्या जागा भरल्या होत्या. खिडकीतल्या बाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "चिनी मातीच्या बशांवर फुलं रंगवायला एक जागा आहे. नाहीतर भट्टी बांधायचा वर्ग."

ओइवानं मागे वळून पाहिलं. रांगेत त्याच्या ऑफिसातले दोघे उभे होते. फुलं म्हणायची त्याची छाती झाली नाही.

भट्टी म्हणजे घर ऊबदार ठेवणारी विटांची भट्टी. दोन तास लाकडं जाळायची, विटांनी ती ऊब पोटात घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हळूहळू सोडायची. फिनलंडच्या पूर्वेकडे अशी भट्टी नसलेलं घर म्हणजे चाकं नसलेली गाडी. आणि नेमकं याच गोष्टीचं ओइवाला सगळ्या जगात जास्त भय होतं. कारण तो वीस वर्षं एका विमा कंपनीच्या आगविभागात कारकून होता. जिल्ह्यातली प्रत्येक आग त्याच्या टेबलावरून जात असे. म्हणजे विझल्यावर, तीन प्रतींत. दुसऱ्या माणसाला घर दाखवलं तर तो पडदे बघतो, खिडकीतली झाडं बघतो. ओइवा धुराडं बघायचा, मग दाराची कडी बघायचा, आणि कुठून उडी मारता येईल ते बघून मगच कोट काढायचा. स्वतः तो तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. तिथे गरम पाणी नळ्यांतून फिरतं. पाण्याला आग लागल्याची एकही फाईल त्याच्याकडे आलेली नव्हती.

वर्गाचे गुरुजी विल्हो नावाचे चौऱ्याहत्तर वर्षांचे गवंडी होते. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ओइवानं रचलेल्या विटांच्या सांध्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हात धीराचा आहे तुझा."

झालं! अठ्ठेचाळीस वर्षांत ओइवाच्या हातांबद्दल कोणी चांगला शब्द काढलेला नव्हता. आईसुद्धा त्याच्या हातात कपबशी देताना दुसरा हात खाली धरायची. त्या एका वाक्याच्या नशेत त्यानं वसंत ऋतूत एका पाडलेल्या डेअरीच्या एकोणीसशे विटा घेतल्या. ट्रकवाल्यानं त्या फ्लॅटच्या इमारतीसमोर, सायकली लावायच्या जागेवर ओतल्या आणि तो निघून गेला.

सोसायटीच्या चेअरमनांनी संध्याकाळच्या आत नोटीस लावली. तीन दिवसांत विटा हलवा. ओइवाचं जेवणावरून लक्ष उडालं. त्याची बायको सिर्का पोस्टात होती. दिवसभर लोकांच्या पार्सलांच्या गाठी सोडवून तिला कुठलीच गोष्ट अवघड वाटेनाशी झाली होती. मासे तळता तळता ती म्हणाली, "आईची तळ्याकाठची जागा आहे ना कुसिलाम्पीला. तिथे टाक."

"टाकतो. पण मग त्यांचं करू काय?"

"भट्टी बांध."

"उघड्यावर?"

"मग घर बांध तिच्याभोवती," सिर्का म्हणाली आणि तिनं मासा उलटला.

ओइवाला वाटलं, ती थट्टा करतेय. लग्नाला वीस वर्षं झाली तरी हे त्याला ओळखता येत नसे.

*

कुसिलाम्पीच्या बांधकाम कचेरीत सोर्मुनेनबाई नावाच्या निरीक्षक होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. मग चष्मा काढून तिसऱ्यांदा वाचला.

"घर कुठाय यात?"

"घर नंतर," ओइवा म्हणाला. "आधी भट्टी. विटा पावसात भिजताहेत."

"घराशिवाय भट्टी?"

"हो."

"असं कलम नाही." बाईंनी नियमांचं जाड पुस्तक काढून पानं उलटायला सुरुवात केली. त्या बेकायदा काही होऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण कलम सापडत नाही म्हणून माणसाला परत पाठवणं त्यांना त्याहून अपमानाचं वाटे. "गोठा नाही. होडीची शेड नाही. छप्पर नाही, आत माणूस राहणार नाही, विटांचं, कायमचं..." त्यांचं बोट थांबलं. "एकच बसतं. स्मारक."

"कोणाचं?" ओइवानं विचारलं.

"ते तुम्ही लिहायचं असतं."

"लिहा, ओइवा तुरुनेन," सिर्का शेजारून म्हणाली.

बाईंनी लिहिलं. ओइवानं ते उलट्या बाजूनं वाचलं : स्मारक, आणि पुढे आपलं नाव. मे महिन्याचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, तरी त्याच्या पाठीतून बर्फाचं पाणी गेलं. खाली बाईंनी अट घातली होती. दोन वर्षांत स्मारकाभोवती घर उभं राहिलं नाही, तर स्मारक पाडावं.

दोन उन्हाळे गेले त्यात. पहिल्या उन्हाळ्यात भट्टी उभी राहिली. तळ्याकाठी, बर्च झाडांत, ताडपत्रीखाली, धुराड्यासकट पाच मीटर उंच. मच्छीमार होड्या थांबवून बघत आणि एक जण तर टोपी काढून गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात घर. सिर्का ओळंबा धरायची, करवत चालवायची आणि तोंडात खिळे धरून सूचना द्यायची. ओइवा खिळा ठोकण्याआधी फळीच्या मागे कोण उभं नाही ना ते बघून यायचा, मग परत येईपर्यंत कोणी आलं नसेल ना, म्हणून पुन्हा जायचा. त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख तीनदा पडलं. शिडीवरून तो एकदाच पडला, पण पडेन पडेन म्हणून इतके दिवस घाबरला होता की पडल्यावर त्याला चक्क हलकं वाटलं.

आणि शेजारी! बाहेरच्यांना वाटतं फिनलंडची माणसं बोलत नाहीत. त्यांनी पूर्वेकडच्या माणसासमोर हातोडी उचलून बघावी. घराच्या डाव्या हाताला कालेर्वो राहायचा. जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवून निवृत्त झालेला, आणि गावच्या हौशी अग्निशामक दलाचा प्रमुख. तो रोज दुपारी येऊन फळ्यांच्या ढिगावर बसे. ओइवा नियमांचं पत्रक मोठ्यानं वाचत काम करतो म्हणून त्यानं त्याचं नाव मास्तर ठेवलं होतं.

"मी काय म्हणतो मास्तर, माळ्यावर भुसा घालताय. घाला. ऊब धरतो. पण पलीकडच्या तीरावर एकानं घातला होता."

"मग?"

"आता तिथे ब्लूबेरी छान येतात."

ओइवा रात्रभर कूस बदलत राही. दुसऱ्या दिवशी कालेर्वो धुराड्याबद्दल सांगे, तिसऱ्या दिवशी विहिरीबद्दल. त्याच्या प्रत्येक गोष्टीत सुरुवातीला एक धडधाकट, मेहनती माणूस असे आणि शेवटी नसे. तो हे भीती घालायला सांगत नव्हता. त्याला ओइवा आवडायला लागला होता आणि आवडत्या माणसाशी बोलायला दुसरे विषय त्याच्याकडे नव्हते.

सप्टेंबरात सोर्मुनेनबाई तपासणीला आल्या. माळ्यावर चढून त्यांनी धुराडं आणि लाकूड यांच्यातलं अंतर चारी बाजूंनी पट्टीनं मोजलं. दहा सेंटिमीटर हवं होतं, ओइवानं पंधरा ठेवलं होतं. "असं काम मी कमी बघते," त्या म्हणाल्या आणि शिक्का मारला. ओइवाचा विश्वास बसेना. त्यानं बाईंना पुन्हा मोजायला लावलं.

ऑक्टोबरात त्याच्या टेबलावर एक वेगळीच फाईल आली. आगीची नव्हती. बर्फाच्या भारानं छप्पर खाली आल्याची होती. ओइवानं ती दोनदा वाचली. आतापर्यंत तो आगीला घाबरण्यात इतका गुंतला होता की बर्फ राहूनच गेला होता! त्या रविवारी तो एकटाच माळ्यावर चढला आणि त्यानं एक दणकट जादा तुळई या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ठोकून दिली.

"ही कशाला?" सिर्कानं खालून विचारलं.

"बर्फाला."

त्या दिवशी त्याला महिन्यानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली.

*

ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला त्यांनी शहरातल्या फ्लॅटच्या किल्ल्या नव्या मालकांना दिल्या. फ्लॅट सिर्कानं विकला होता. "राहू दे की हिवाळाभर, हाताशी असलेला बरा," असं ओइवानं सुचवून पाहिलं होतं. "फ्लॅट ठेवलास तर तू तिथेच जाऊन बसशील," ती म्हणाली. हे खरं होतं, म्हणून त्याला फार लागलं.

सासूबाई हिल्याही राहायला आल्या. वय ऐंशी, गुडघे अधू, जीभ शाबूत. सहा मुलं त्यांनी अशाच एका भट्टीच्या पाठीवर झोपवून वाढवली होती. भट्टी पेटवायचा पहिला दिवस बघायला त्या खुर्ची समोर ओढून बसल्या, लोक सर्कशीला बसतात तशा.

ओइवानं तयारी केली होती. पाण्याच्या अकरा बादल्या. वाळूची दोन पोती. बाहेरून खिडकीला लावलेली शिडी. घराची कागदपत्रं, लग्नाचा फोटो आणि स्वतःचं दाढीचं सामान एका सुटकेसमध्ये घालून त्यानं लाकडाच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं होतं.

"जावई, आपण घर गरम करतोय की सोडून चाललोय?" हिल्यांनी विचारलं.

ओइवा काड्या ओढत राहिला. सातवी काडी पेटली. बर्चच्या सालीनं पेट घेतला, लाकडं तडतडली, आणि मग धूर वर जायचा सोडून सरळ खोलीत आला. पांढरा, दाट, डोळ्यांत मिरची टाकल्यासारखा. ओइवाच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षांच्या फायली एकदम उघडल्या. "बाहेर!" तो ओरडला. त्यानं सासूबाईंना काखेत धरून खुर्चीसकट उचललं आणि बर्फात नेऊन ठेवलं. पायांत नुसते मोजे.

"झडप उघड, गाढवा!" हिल्या बर्फातून ओरडल्या.

धुराड्याची झडप बंद होती. ती ओइवानंच आदल्या दिवशी बंद केली होती, धुराड्यातून पक्षी आत पडू नये म्हणून.

त्या दिवसापासून ओइवानं भट्टीला शिधा बांधून दिला. दिवसाला तीन लाकडं. त्यातही तिसरं बारीक. सहा हजार किलोच्या भट्टीला तीन लाकडं म्हणजे हत्तीला तीन शेंगदाणे. लाकडं विझली तरी तो झडप लावेना, कारण निखारे पुरते विझायच्या आत झडप लावली तर जो वायू होतो त्याला ना रंग असतो ना वास. माणूस सुस्तावतो, बरं वाटतंय म्हणतो आणि संपतो. अशा सतरा फायली होत्या. त्यामुळे जी काही चिमूटभर ऊब तयार होई, ती उघड्या झडपेतून आकाशात जाई. कुसिलाम्पीवरचं आकाश त्या नोव्हेंबरात त्यांच्या घरापेक्षा बहुतेक जास्त उबदार होतं.

घरात अकरा अंश. सिर्का कोट घालून स्वयंपाक करी. हिल्या दोन शाली, टोपी आणि दिवंगत नवऱ्याचे लोकरी मोजे हातांत घालून बसत. भट्टीच्या अंगावर केसाएवढी एक भेग दिसली, तर ओइवानं तिच्या टोकाला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहिली, आणि रोज सकाळी दाढी करण्याआधी भिंग घेऊन तो ती भेग तपासू लागला.

"भट्टीचा ताप रोज बघतोस," सिर्का म्हणाली. "माझी बोटं निळी पडलीत, ती एकदा बघ."

"नवी भट्टी हळूहळू वाळवायची असते."

"किती हळू?"

"विल्हो गुरुजी म्हणाले, दोन आठवडे."

"आज किती झाले?"

"पाच," ओइवा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. रागावलेल्या सिर्काची त्याला भीती वाटे, पण न रागावता गप्प झालेल्या सिर्काची जास्त. ती गप्प झाली. मग हिल्याच बोलल्या. "जावई, माझा नवरा दारू प्यायचा, खोटं बोलायचा, पत्त्यांत होडी हरला. पण थंडीत नाही ठेवलं त्यानं मला एक दिवस. हे घर नाही, बटाट्याचं तळघर आहे."

ओइवा उठून बाहेर गेला आणि त्यानं लाकडं फोडली. जाळायची नव्हतीच, पण अपमान झाल्यावर माणसानं काहीतरी फोडायला हवं.

*

डिसेंबरातला तो बुधवार. पारा उणे चोवीस. ओइवा चारच्या बसनं ऑफिसातून निघाला. त्या दिवसांत तिकडे तीनलाच अंधार पडतो. फाट्यावर उतरून तो तळ्याच्या वाटेनं चालू लागला, वळणावर आला आणि त्याचे पाय थिजले.

त्याच्या घराच्या छपरावरून धुराचा जाडजूड खांब सरळ आकाशात गेला होता. तीन लाकडांचा दोऱ्याएवढा धूर त्याला पाठ होता. हा धूर कारखान्याचा होता. आणि खिडक्या! खिडक्या लाल दिसत होत्या, आत काहीतरी हलत होतं.

इतकी वर्षं ज्याची भीती वाटली ते प्रत्यक्ष समोर आलं की माणूस काय करतो, हे ओइवानं अनेक जबान्यांत वाचलं होतं. कोणी सुन्न उभं राहतं, कोणी उशी वाचवतं. तो पळाला. ब्रीफकेस बर्फात पडली. टोपी पडली. त्याच्या मनात एकच हिशेब चालला होता : सिर्का पाचपर्यंत पोस्टात, म्हणजे आत एकट्या हिल्या. गुडघे अधू. दार आत उघडतं. शिडी मीच गेल्या आठवड्यात बर्फात गंजेल म्हणून आत आणून ठेवली.

वाटेत आधी कालेर्वोचं अंगण लागे. बुधवार सौनाचा दिवस; कालेर्वो सौनाघरात बाकावर बसून घाम काढत होता. दार धाडकन उघडलं आणि वाफेत ओइवा उभा राहिला.

"घर... सासूबाई आत... घर!"

कालेर्वोनं एकही प्रश्न विचारला नाही. कमरेला टॉवेल, डोक्यावर हेल्मेट, पायांत रबरी बूट, अशा वेषात तो समोरच्या शेडमधून बंब बाहेर काढत होता तेव्हा गावचा भोंगाही वाजायला लागला होता. वाटेत सहा जण उड्या मारून चढले. एकाच्या हातात अजून जेवणाचा चमचा होता. ओइवा पायरीवर लटकून ओरडत होता, "दार आत उघडतं! दार आत उघडतं!"

दार हिल्यांनीच उघडलं. हात कोपरापर्यंत पिठात, बाह्या दुमडलेल्या, गाल सफरचंदासारखे लाल. त्यांच्यामागून ऊब एखाद्या जिवंत जनावरासारखी बाहेर आली.

"बूट झाडून या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कालेर्वोला आपादमस्तक पाहिलं. "आणि तू आधी विजार घाल."

भट्टीचं लोखंडी दार उघडं होतं आणि आत निखाऱ्यांचा डोंगर धगधगत होता. तोच खिडक्यांत दिसत होता. ओइवा ऑफिसला गेल्यावर हिल्यांनी शांतपणे दोन टोपल्या भरून लाकडं घातली होती, दुपारी आणखी एक, आणि आता त्या राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या पाऱ्यांत तांदळाची लापशी भरून कारेलियन पाय, म्हणजे तिकडच्या उघड्या करंज्या, लाटत होत्या. पहिलं ताट भाजून तयार होतं. भिंतीवरचा पारा तेवीस दाखवत होता. शून्याच्या वर.

सात माणसं नळी घेऊन दारात उभी. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं ओइवाला वाटलं. चमचा हातात असलेल्या माणसानं तो हळूच खिशात घातला. कालेर्वोच्या छातीवरच्या केसांत बर्फाचे मणी झाले होते.

"मास्तर," तो सौम्यपणे म्हणाला, "ही भट्टी आहे. पेटवली की आत आग दिसते."

"मला वाटलं..."

"वाटतं कधीकधी."

तेवढ्यात सिर्का पोचली. बंब बघून तिचा चेहरा पांढरा झाला होता. आईला धडधाकट पाहून तो लाल झाला आणि नवऱ्याला पाहून पुन्हा आपल्या रंगावर आला. तिनं कोट काढला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा ती घरात कोट काढत होती. तिनं भट्टीच्या विटांना पाठ टेकली आणि डोळे मिटले.

हिल्यांनी कालेर्वोला दिवंगत नवऱ्याची विजार दिली आणि सगळ्यांना बसवलं. कॉफी उकळली. करंज्यांवर अंडं-लोण्याचा थर आला. माणसं खाऊ लागली आणि मग मात्र एकेकाला हसू फुटायला लागलं, खोकल्यासारखं. ओइवा कोपऱ्यात उभा होता. उद्या बस, परवा ऑफिस, आणि मग जन्मभर : अग्निशामक दल बोलावून सासूबाईंच्या करंज्या खायला घालणारा तुरुनेन.

पण भीती काही त्याच्या अंगातून जाईना. अपमानाच्या खाली ती तशीच बसली होती, थंडगार.

"कालेर्वो," तो म्हणाला, "आलाच आहात तर माळा एकदा बघाल का?"

हशा झाला. "अरे, बसू दे त्याला, चौथी करंजी चाललीय त्याची," कोणीतरी म्हणालं.

"एकदाच. मला झोप लागणार नाही."

कालेर्वोनं सुस्कारा टाकला, विजार वर ओढली आणि शिडीनं माळ्यावर गेला. त्याची पावलं वर वाजली. धुराड्यापाशी गेली. थांबली. खाली कोणी साखर ढवळत होतं.

"ओइवा." वरून आवाज आला. मास्तर नव्हे, ओइवा. "म्हातारीला बाहेर ने. बाकीच्यांनी कुऱ्हाडी घेऊन वर या. आणि बादल्या. पळा."

*

ती तुळई होती. बर्फासाठी घातलेली, जादा. त्या रविवारी ओइवाचं सगळं ध्यान छपराकडे होतं. धुराड्याच्या विटांपासून ती जेमतेम दोन बोटांवरून गेलीय हे त्याला दिसलंच नव्हतं. मधल्या फटीत भुसा घसरून दाबून बसला होता. तीन लाकडांनी धुराडं कोमटसुद्धा होत नव्हतं, म्हणून पाच आठवडे काही झालं नाही. आज पहिल्यांदा ते खरं तापलं. तुळईची कड कोळशासारखी काळी झाली होती आणि भुशात, राखेच्या पातळ पापुद्र्याखाली, तळहाताएवढा लालसर ठिपका हळूहळू पसरत होता. ना ज्वाळा, ना आवाज.

माणसांनी दाटीवाटीनं, गुडघ्यांवर बसून तुळई दोन ठिकाणी तोडली. भुसा बादल्यांनी खाली आला, हातोहात बाहेर गेला आणि बर्फात फुसफुसत विझला. ओइवा रांगेत पहिला होता, ठिपक्याच्या अगदी जवळ. त्याचे दात वाजत होते, पण बादली एकदाही सांडली नाही. ओइवानं स्वतःच मोठ्यानं सांगितलं, "ती तुळई मी घातली. तपासणीनंतर. नकाशात नाही. बर्फाच्या भीतीनं घातली."

कालेर्वोनं कपाळावरची काजळी पुसली. "पहाटेपर्यंत खाली आलं असतं हे," तो म्हणाला. "तुम्ही झोपेत असताना." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या घरी असंच झालं होतं. मी सहा वर्षांचा होतो. आम्ही पाच भावंडं होतो तेव्हा." त्यानं पुढे काही सांगितलं नाही, आणि इतक्या गोष्टी सांगणाऱ्या त्या माणसानं ही एकच गोष्ट का आधी सांगितली नव्हती ते ओइवाला कळलं.

खाली उतरल्यावर श्रेयावरून वाद झाला. हिल्या म्हणाल्या, "मी भट्टी धडपणे पेटवली म्हणून कळलं." सिर्का म्हणाली, "तो घाबरला म्हणून कळलं." शेवटी दोघींचंही बरोबर ठरलं, आणि याचा अर्थ चूक कोणाची उरली ते सगळ्यांनी मनातल्या मनात मोजलं.

विझवल्यावर तीन तास पहारा ठेवायचा असा दलाचा नियम. माणसं भट्टीभोवती बसली. कोणीतरी आदरानं विचारलं, "पण तुरुनेन, तुम्हाला माळ्याचं सुचलं कसं?"

ओइवा सांगायला लागला. आधी चाचरत, मग सवयीनं. बावीस वर्षं कोणी त्याला हे विचारलं नव्हतं. इस्त्रीची फाईल सांगितली, उंदराच्या बिळाची सांगितली, धुराड्यावर घरटं बांधणाऱ्या कावळ्यांची सांगितली; भिंतीच्या आत चार दिवस धुमसत राहिलेल्या आणि पाचव्या दिवशी वाढदिवसाच्या केकबरोबर बाहेर आलेल्या आगीची सांगितली. कॉफी गार झाली. कोणी हसेना. विटांची ऊब त्याच्या पाठीतून खांद्यांत चढली, मानेत आली, आणि एका फायलीच्या मध्यावर, घरातली माणसं वाचली की नाही हे सांगायच्या आतच ओइवाला गाढ झोप लागली.

सकाळी आठला तो उठला तेव्हा सिर्का आणि हिल्या दोन खुर्च्यांवर कोट घालून बसल्या होत्या. मध्ये सुटकेस. दोघींची नजर भट्टीवर.

"झोपला नाहीत?"

"काय काय सांगितलंस रे ते?" हिल्या म्हणाल्या. "भिंतीच्या आत चार दिवस? आता तू बस. आम्ही पडतो जरा."

ओइवानं भट्टीत लाकडं रचली. मोजली नाहीत. काडी पहिल्याच झटक्यात पेटली. मग दारावर थाप पडली.

बाहेर कालेर्वो उभा होता, डोळे तांबारलेले, अंगात अजून सासऱ्यांचीच विजार. त्याच्यामागे काल रात्रीचे चौघे, आणि त्यांच्यामागे दोन शेजारणी. त्या काल इथे नव्हत्याच. त्यांनी नुसतं ऐकलं होतं.

"मी काय म्हणतो मास्तर," कालेर्वो घसा खाकरून म्हणाला, "ऑफिसला जायच्या आधी जरा आमचे माळे बघता का? रात्रभर धुराड्याला हात लावून बसलोय मी. गरम लागतंय. म्हणजे गरम असतंच. पण लागतंय."

ओइवा आत गेला, पट्टी आणि टॉर्च घेतला, आरशात बघून टाय बांधला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागला.

कालेर्वोच्या माळ्यावर तो सावकाश चढला. धुराड्याच्या चारी बाजूंनी पट्टी लावली. सगळं चोख होतं. पंचवीस सेंटिमीटर, ओइवापेक्षाही जास्त. असं काम त्यानं कुठे पाहिलं नव्हतं. खाली सात माणसं माना वर करून श्वास रोखून उभी होती.

"काय दिसतंय?" कालेर्वोचा आवाज बारीक झाला होता. "मास्तर? काय दिसतंय?"

ओइवानं उत्तर द्यायला चांगला वेळ घेतला.